मुंबई बंदर : एका कापड व्यापाऱ्याच्या नजरेतून

(आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त मनोरी येथे भरलेल्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आज सकाळी मार्वेच्या धक्क्यावर आपल्यापैकी पुष्कळांना होडीसाठी खोळंबून राहावे लागले. ओहोटी लागली होती, खाडीचा चिखल उघडा पडला होता आणि पलीकडचे मनोरी हाकेच्या अंतरावर दिसत असूनही तिथे पोहोचता येत नव्हते. मनातल्या मनात आपण होडीवाल्याला बोल लावला असेल. परंतु माझ्या आजच्या विषयाचा पहिला धडा त्या अर्ध्या तासातच होता. नुसता समुद्र असला म्हणजे बंदर होत नाही. बंदराला ओहोटीतही टिकणारी खोली लागते, वाऱ्यापासून आडोसा लागतो आणि उतरलेला माल ठेवायला कोरडी जागा लागते. या तीन गोष्टी जिथे एकत्र आल्या तिथे बाजार वसला, आणि बाजार वसला तिथे आपण आलो.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. बी.कॉम. होऊन वडिलांच्या पेढीवर बसलो आणि तागे मोजता मोजता साठी ओलांडली. तरीही अध्यक्षमहोदयांनी मला या विषयावर बोलावयास सांगितले, त्यामागे एक कारण आहे. आपल्या ट्रस्टचे काही तरुण सभासद गेले वर्षभर डहाणूकडे फेऱ्या मारीत आहेत. वाढवण येथे मोठे बंदर होत आहे, आसपासच्या जमिनी आताच घेऊन ठेवाव्यात, असा त्यांचा विचार आहे. त्यांच्यापैकी दोघे-तिघे माझ्याकडे सल्ला विचारण्यास आले होते. एका वाक्यात उत्तर देणे मला जमले नाही. ते उत्तर आज सविस्तर देतो.

प्रथम जुनी हकीगत. आपण बसलो आहोत तेथून उत्तरेस, वसईच्या खाडीपलीकडे सोपारा आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ते पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदर होते. सम्राट अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडा १८८२ मध्ये तेथेच पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. जैन वाङ्मयातही सोपाऱ्याचा उल्लेख येतो. आज तेथे जहाज दिसत नाही, लोकलची गर्दी दिसते. सोपारा गेले, पुढे ठाणे, चौल, वसई आळीपाळीने वर आली आणि मागे पडली. सुरतेचे तेच झाले. तापीच्या मुखाशी गाळ साचत गेला आणि मोठ्या गलबतांना नदीत शिरणे अवघड होत गेले.

मुंबई १६६१ च्या विवाह-कराराने पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आली आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. मनोरी मात्र साष्टीच्या मुलखात असल्याने त्यानंतरही पोर्तुगीजांकडे राहिली, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आली आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली तेव्हा तिकडे गेली. मुंबईच्या बंदराची खुबी अशी की ते शहराच्या पूर्वेस आहे. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारा वारा आणि लाटा हे बेट स्वतःच्या अंगावर घेते आणि मागच्या पाण्यात जहाजे निर्धास्त उभी राहतात. आषाढात मनोरीच्या चौपाटीवर उभे राहिलात तर त्या आडोशाचे मोल कळेल.

आडोसा निसर्गाने दिला, व्यापारी मात्र बोलावून आणावे लागले. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर यांच्या काळात, १६७७ मध्ये, दीवच्या नीमा पारख नावाच्या वणिक व्यापाऱ्याशी कंपनीने करार केला. त्याने मुंबईत येण्यापूर्वी आपल्या अटी लिहून घेतल्या होत्या. आपला धर्म निर्वेधपणे पाळता यावा आणि आपल्या आवारात कोणीही प्राणिहत्या करू नये, या त्यांतील महत्त्वाच्या अटी. कंपनीने त्या मान्य केल्या. मला हा करार फार आवडतो. किती माल, किती जकात, हे नंतर पाहू. आधी माझ्या घराशेजारी हिंसा होणार नाही हे लिहून द्या, असे म्हणणारा व्यापारी त्या काळी होता आणि त्याच्यावाचून बंदर चालणार नाही हे कंपनीला ठाऊक होते.

पुढे सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया आले आणि त्यांच्या घराण्याने येथे सागवानी जहाजे बांधली. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. आपल्या समाजातील मोतीशा शेठ हेही मोठे जहाजमालक होते. पालीताण्याची मोतीशा टूंक आपण सर्वांनी पाहिली आहे. भायखळ्याच्या देरासरात आपण जातो. त्यांचा चीनशी व्यापार होता आणि त्या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती. हे वाक्य स्मरणिकेत छापावे की नाही, असे मला एका हितचिंतकांनी विचारले. मी म्हटले, रोजमेळात जमा लिहिली की नावेही लिहावी लागते. त्या पुण्यवंताची दानशूरता याने उणी होत नाही.

आता १८६१ ते १८६५ या पाच वर्षांकडे येतो, कारण माझ्या तरुण मित्रांचे उत्तर बऱ्याच अंशी तेथेच आहे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. सारी मागणी मुंबईकडे वळली. पैसा इतका आला की त्याचे काय करावे हे लोकांना सुचेना. मग समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. जमीन अजून पाण्याखाली होती, परंतु समभागांचे भाव मूळ किमतीच्या अनेक पटींनी चढले. मुदतीचे सौदे १ जुलै १८६५ या तारखेचे झाले होते. एप्रिलमध्ये युद्ध संपल्याची वार्ता आली, कापूस कोसळला आणि तो जुलै उजाडेपर्यंत भल्याभल्या पेढ्या बसल्या.

या उलाढालीच्या मध्यभागी शेठ प्रेमचंद रायचंद होते. ते आपलेच. विद्यापीठाला ग्रंथालय आणि घड्याळाचा मनोरा यांसाठी त्यांनी चार लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला मातोश्रींचे, राजाबाईंचे, नाव दिले. दृष्टी अधू झालेल्या त्या माउलीला ठोक्यांवरून वेळ कळावी आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन चुकू नये, अशी त्यामागची कथा सांगतात. तो मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला तेव्हा शेठजींचे बरेचसे वैभव ओसरले होते. परंतु सांगण्याजोगी दुसरी एक गोष्ट आहे. त्या तेजीत एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने पूर्व किनाऱ्यावर भराव टाकून गोदीजोगी जागा तयार केली होती. धक्क्याची मालकी खासगी हाती राहिली तर व्यापारी तिच्या तावडीत सापडतील, हे सरकारच्या ध्यानात आले. ती मिळकत विकत घेण्यात आली आणि त्या पायावर २६ जून १८७३ रोजी बॉम्बे पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. कर्नल बॅलार्ड हे त्याचे पहिले अध्यक्ष.

त्यानंतर कामे भराभर झाली. सुएझ कालवा १८६९ मध्ये उघडला होताच, रेल्वे घाट चढून वऱ्हाडात पोहोचली होती. खासगी ससून डॉक १८७५ मध्ये झाला. पोर्ट ट्रस्टचा प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये सुरू झाला. तो खणताना भरतीरेषेच्या कितीतरी खाली खैराच्या झाडांचे बुंधे उभे सापडले, म्हणजे त्या ठिकाणी कधीकाळी जंगल होते! पाठोपाठ व्हिक्टोरिया डॉक झाला आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, ज्याला आज आपण इंदिरा डॉक म्हणतो. त्याच्या खोदाईतून निघालेल्या मातीवर बॅलार्ड इस्टेट उभी आहे. इंदिरा डॉकची रचना समजून घेण्याजोगी आहे. आत साठवलेले पाणी आणि बाहेरचा समुद्र यांच्यामध्ये सुमारे ७५० फूट लांब व १०० फूट रुंद असे दोन दारांचे पाणकोठार आहे. जहाज त्यात घ्यायचे, मागचे दार लावायचे, पाण्याची पातळी आतल्याइतकी करायची, मग पुढचे दार उघडायचे. बाहेर ओहोटी असली तरी आतले जहाज खाली बसत नाही. आज सकाळी मार्वेला असे एक कोठार असते तर आपला नाश्ता वेळेवर झाला असता.

१९१५ पासून पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे धावू लागली. कापसाच्या वखारी कुलाब्याहून शिवडीकडे, कॉटन ग्रीनला गेल्या. आपल्या धंद्यातील जुन्या मंडळींच्या तोंडी असलेली नावे, मांडवी, मस्जिद बंदर, कर्नाक बंदर, भाऊचा धक्का, ही सारी या एकाच किनाऱ्याची पाने आहेत. भाऊचा धक्का लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ रसूल यांनी बांधला; कोकणातील किती पिढ्यांनी मुंबईत पहिले पाऊल तेथे टाकले असेल, याची गणती नाही.

माझे वडील फलटणहून मूळजी जेठा मार्केटात गुमास्ता म्हणून आले तेव्हा विशीतही नव्हते. १४ एप्रिल १९४४ ची दुपार ते आम्हाला प्रत्येक वर्षी सांगत. चार वाजून गेले होते. ते कापडाच्या चिठ्ठ्या लिहीत होते. प्रथम जमीन हलली, मग आवाज आला आणि दुकानातील रचलेले तागे अंगावर आले. लोक भूकंप म्हणून बाहेर पळाले. अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून भयंकर आवाज झाला आणि थोड्या वेळाने आकाशातून जळता कापूस पडू लागला. वडील म्हणत, ‘आयुष्यभर ज्या कापसावर पोट भरले तो कापूस पेटून डोक्यावर पडताना पाहिला.’

व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज उभे होते. त्यात सुमारे १४०० टन स्फोटके होती, लढाऊ विमाने होती, सोन्याच्या लगडी होत्या आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या. दाबून बांधलेली कापसाची गाठ पेटली की आतल्या आत किती काळ धुमसते, हे आपल्याला सांगावयास नको. स्फोटके आणि कापूस एका जहाजात भरणे हीच मूळ चूक. दुपारी धूर दिसला, बंब आले, पाणी मारणे सुरू झाले. परंतु जहाज डॉकबाहेर ओढून न्यावे की तेथेच बुडवावे, याचा निर्णय कोणी घ्यायचा हे ठरेपर्यंत वेळ निघून गेली. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. आजही १४ एप्रिलपासून अग्निसुरक्षा सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. एक सोन्याची लगड एका पारशी गृहस्थाच्या घरावर येऊन पडली आणि त्यांनी ती सरकारजमा केली. मलबा उपसण्यास सुमारे आठ हजार माणसे सात महिने राबत होती. लगडी नंतरही गाळात सापडत राहिल्या. मात्र गोदीत मेलेल्या हमालांची पुरी नावनिशी कधी लागली नाही. वडिलांच्या बोलण्यात सोन्यापेक्षा हेच अधिक येई.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. १९८८ च्या जुलै महिन्यात मी दुबईस लुंगी व मलमलीच्या ४० गाठी पाठवल्या होत्या. जहाजाला धक्का मिळेना, माल शेडमध्ये पडून. एका मुकादमाने मला बाजूला घेऊन सांगितले, ‘शेठ, खालची रांग ओल धरतेय. फळ्या टाकून गाठी वर घ्या.’ त्याची मजुरी काही फार नव्हती. पण मला वाटले, हा आपले काम काढतो आहे. मी म्हटले, ताडपत्री आहे ना, पुरे. विमाही मी हप्ता वाचवण्यासाठी असा घेतला होता की जहाज बुडाले तरच पैसे मिळावेत. जहाज बुडाले नाही. खालच्या ११ गाठी मात्र दुबईला बुरशी लागलेल्या निघाल्या. परत आल्यावर मी त्या मुकादमाला शोधले. तो गावी गेला असे कळले. पुन्हा भेट झाली नाही.

त्या काळी एकेक गाठ, एकेक पेटी माणसाच्या खांद्यावरून, मग झोळीतून जहाजात जाई. १९४८ च्या कायद्याने गोदी कामगारांना आणि १९६९ च्या माथाडी कायद्याने, ज्यामागे अण्णासाहेब पाटील यांचा लढा होता, बाजारातील हमालांना संरक्षण मिळाले. आम्ही व्यापारी त्या कायद्यांविषयी कुरकुर करीत असू, मीही केली आहे. मग कंटेनर आला. अमेरिकेत १९५६ मध्ये माल्कम मॅकलीन यांनी एका जहाजावर ५८ पेट्या चढवून सुरू केलेली ती युक्ती. गोडाऊनमध्येच माल पेटीत भरून सील लावायचे आणि ती पेटी थेट परदेशी उघडायची. कापड भिजेना, चोरी थांबली, डेमरेज कमी झाले. माझ्या धंद्याला ते वरदान ठरले. मात्र शेकडो खांद्यांचे काम एका क्रेनने केले, आणि गोदीत एकेकाळी हजारोंनी असलेले कामगार विरत गेले.

कंटेनरला विस्तीर्ण मोकळी जागा आणि खोल पाणी लागते. जुन्या गोदीत दोन्ही अपुरे. म्हणून खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. आज देशातील सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी ते एक आहे. २०२४-२५ मध्ये तेथे वीस फुटी मापाने ७३ लाखांच्या आसपास कंटेनर हाताळले गेले. जुन्या मुंबई बंदरात खनिज तेल हा मुख्य व्यवहार राहिला आहे. ते जवाहर द्वीप आणि पीर पाव येथे उतरते. इंदिरा डॉकमधून पोलाद आणि निर्यातीच्या मोटारी जातात. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया डॉकची पात्रे भरून टाकण्यात आली. खैराच्या जंगलावर पाणी होते, त्यावर पुन्हा जमीन झाली. पोर्ट ट्रस्ट २०२१ च्या कायद्याने ‘मुंबई बंदर प्राधिकरण’ झाले. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा-शेवा अटल सेतू खुला झाला आणि जुने बंदर व नवे बंदर यांत मोटारीने थोड्या मिनिटांचे अंतर उरले.

परंतु न्हावा-शेव्याच्या खात्यालाही नावेची बाजू आहे. नवी मुंबई आणि या परिसरासाठी उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले आणि जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के हिस्सा परत देण्याची योजना त्या बलिदानातून आली. शेवा कोळीवाड्याचे जे पुनर्वसन झाले, त्याची गाऱ्हाणी मात्र कित्येक दशके चालू राहिली.

आता वाढवण. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज ७६ हजार कोटींहून अधिक. किनाऱ्याजवळच सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली मिळते, हे त्याचे बलस्थान, आणि समुद्रात भराव टाकून बहुतेक बंदर उभे राहणार आहे. सोपाऱ्यापासून जी कथा मी सांगितली तिच्या हिशेबाने हे अटळ वाटते, कारण व्यापार खोल पाण्याकडे सरकतो. पण १९९१ पासून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित आहे. याच जागी बंदर करण्याचा प्रस्ताव १९९८ मध्ये डहाणू प्राधिकरणाने नाकारला होता, त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये परवानगी दिली. किनाऱ्यावरील मच्छीमारांचा विरोध आहे, कारण भराव पडतो तेथे मासळीच्या पैदाशीच्या जागा आहेत असे त्यांचे म्हणणे.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, मासेमारी ही हिंसाच, तिच्याशी आपला काय संबंध? मला हा प्रश्न याच आवारात, चहाच्या वेळी, विचारला गेला. ज्या होडीने आपण आलो ती येथील कोळी बांधवांचीच आहे. आपला आहार-विचार आपल्यापाशी. परंतु दुसऱ्याची उपजीविका हिरावली जात असताना ती गैरसोयीची म्हणून मान फिरवणे यास मी तरी अहिंसा म्हणू शकत नाही.

म्हणून माझ्या तरुण मित्रांना मी तीन गोष्टी विचारल्या. जमीन कोणाकडून घेत आहात, मूळ शेतकऱ्याकडून की मधल्याकडून? आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर कायद्याने तिचे हस्तांतरण कसे होते, हे वकिलाकडून लेखी घेतले आहे काय? आणि बंदर दहा वर्षे लांबले तर हप्ते कशातून भरणार? पहिल्या प्रश्नावर ते गप्प बसले, दुसरा त्यांना ठाऊक नव्हता, तिसऱ्याला त्यांच्यापाशी उत्तर होते. ते आता पुन्हा एकदा डहाणूला जाणार आहेत, आणि या खेपेस दलालाच्या गाडीतून न जाता वरोर व चिंचणी येथे मुक्काम करून लोकांशी बोलणार आहेत. मलाही त्यांनी बरोबर बोलावले आहे. मी येईन असे कबूल केले आहे. मात्र जमिनीत मी पैसा घालणार नाही, हे त्यांना आजच सांगून ठेवतो.

वेळ बराच झाला. चौविहारवाल्यांची पंगत लवकर बसवायची आहे आणि होडीवाल्याने बजावले आहे की भरती असेपर्यंतच परतीच्या फेऱ्या होतील.